मलिक अंबरचे चित्र कोणी काढले?

आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात चेस्टर बिटी ग्रंथालय आहे. तिथे एक मुघल लघुचित्र जपून ठेवलेले आहे. बादशाह जहांगीरच्या दरबारातला नामांकित चित्रकार अबुल हसन याने ते १६१६च्या सुमारास काढले. चित्रात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. हातात धनुष्य आहे. समोर भाल्याच्या टोकावर एका काळ्या माणसाचे कापलेले शिर खोचलेले आहे, वर घुबड बसले आहे आणि बादशहाचा बाण त्या शिरावर सुटलेला आहे. हे शिर अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा मलिक अंबर याचे आहे.

प्रत्यक्षात असे काही घडलेच नाही. १६१६ साली मुघल फौजांनी रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव केला आणि त्याने वसवलेली खडकी लुटून जाळली, हे खरे. पण अंबर कधी मुघलांच्या हाती लागला नाही. पुढे दहा वर्षे तो लढत राहिला, राज्य चालवत राहिला आणि १६२६ साली ऐंशीच्या घरात पोचल्यावर नैसर्गिक मृत्यूने गेला. त्याची कबर खुलताबादला आहे. रणांगणावर जे जमले नाही ते बादशहाने कागदावर करून घेतले. जहांगीरच्या आत्मचरित्रात तर अंबरचा उल्लेख आला की त्याच्या काळ्या रंगावरून शिवी ठरलेलीच असते.

आज इंटरनेटवर मलिक अंबरचे नाव शोधणाऱ्याला हे चित्र हटकून भेटते. जगभरच्या पुस्तकांतही ते छापले जाते. म्हणजे चारशे वर्षांनंतरही दख्खनच्या या कर्तबगार माणसाची एक ठळक ओळख त्याच्या शत्रूने पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्रातून होते. ज्याचे चित्र असते त्याच्या हाती कुंचला नसतो, तेव्हा काय होते त्याचा हा नमुना आहे. हाच प्रश्न विसाव्या शतकात कॅमेऱ्याबद्दल विचारला गेला. त्यातून एक अख्खी विद्याशाखा उभी राहिली. कृष्णवर्णीय सिनेमाचा अभ्यास हे तिचे नाव.

तीन साधे प्रश्न

या अभ्यासाची पार्श्वभूमी अमेरिकेत आहे. १९१५ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट आला. तंत्राच्या दृष्टीने तो त्या काळच्या सिनेमाच्या फार पुढे होता. आशय मात्र विषारी होता. त्यातल्या प्रमुख कृष्णवर्णीय भूमिका गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून केल्या होत्या. काळा पुरुष म्हणजे गोऱ्या स्त्रीच्या अब्रूवर टपलेला पशू, आणि तिला वाचवणारी कू क्लक्स क्लान ही संघटना म्हणजे नायक, अशी मांडणी होती. जवळजवळ संपलेली ती संघटना त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. पडद्यावरचे चित्र पडद्यावर थांबत नाही, हे तेव्हाच दिसून आले.

ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने १९२० साली ‘विदिन अवर गेट्स’ हा चित्रपट काढला. त्यात त्याने झुंडीकडून होणाऱ्या हत्या काळ्या माणसांच्या बाजूने दाखवल्या. पण ग्रिफिथची प्रत जपली गेली आणि मिशोची हरवली. कितीतरी वर्षांनी तिची एक प्रत स्पेनमध्ये सापडली आणि १९९३ मध्ये अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने ती दुरुस्त करून लोकांसमोर आणली.

नागरी हक्कांच्या चळवळीनंतर विद्यापीठांत या विषयाला जागा मिळाली. डोनाल्ड बोगल यांचे १९७३चे पुस्तक आणि थॉमस क्रिप्स यांचे १९७७चे पुस्तक हे त्यातले सुरुवातीचे मोठे टप्पे. हॉलिवूडने काळ्या माणसाला मोजक्या साच्यांत कसे कोंबले हे बोगल यांनी दाखवले. इमानी नोकर, मूर्ख विदूषक, मायाळू दाई, दुर्दैवी मिश्रवर्णीय मुलगी आणि राक्षसी धटिंगण, हे ते साचे. १९८१ मध्ये इंडियाना विद्यापीठात कृष्णवर्णीय चित्रपटांचे खास संग्रहालय सुरू झाले. मालीत जन्मलेले मांथिया दियावारा यांनी आफ्रिकेतला सिनेमा आणि अमेरिकेतला कृष्णवर्णीय सिनेमा अशा दोन्ही बाजूंवर लिहिले. बेल हुक्स यांनी आणखी पुढचा मुद्दा मांडला. गुलामाला मालकाकडे नजर वर करून पाहण्याचीही शिक्षा होत असे, म्हणून पडद्याकडे प्रश्न घेऊन पाहणे हाच एक प्रतिकार आहे, असे त्यांचे म्हणणे.

एवढ्या मोठ्या अभ्यासाचे सार काढले तर तीन साधे प्रश्न उरतात. पडद्यावर माणूस कोणत्या रूपात दिसतो? कॅमेरा कोणाच्या हातात आहे? आणि चित्र काढून झाल्यावर ते जपतो कोण?

आफ्रिकेने घेतलेला कॅमेरा

आफ्रिकेत दुसऱ्या प्रश्नाला कायद्याचीच आडकाठी होती. फ्रान्सने १९३४ मध्ये आपल्या आफ्रिकी वसाहतींत चित्रीकरणासाठी सरकारी परवानगी सक्तीची केली. त्यामुळे आफ्रिकेवर चित्रपट निघत होते, पण आफ्रिकी माणसाचे नव्हते. ही कोंडी फोडणाऱ्यांत सेनेगलचे उस्मान सेम्बेन अग्रणी होते. मुस्लिम घरातला हा माणूस मार्सेलच्या गोदीत हमाली करत शिकला, कादंबरीकार झाला. आपल्या देशातली बहुसंख्य जनता आपली पुस्तके वाचू शकत नाही, हे लक्षात आल्यावर वयाच्या चाळिशीत तो सिनेमाकडे वळला. १९६६चा ‘ला न्वार द...’ ही एका फ्रेंच कुटुंबाकडे घरकामाला गेलेल्या सेनेगली मुलीची कहाणी आहे. १९६९ मध्ये बुर्किना फासोच्या वागाडुगू शहरात आफ्रिकी चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला. तो आजही भरतो.

सेम्बेन यांनी आपल्या माणसांनाही सोडले नाही. १९७७च्या ‘सेद्दो’मध्ये त्यांनी धर्माच्या नावाने सत्ता बळकावणाऱ्या इमामावर आणि गुलामांच्या व्यापाऱ्यावर एकाच वेळी बोट ठेवले. त्यांच्याच देशात तो चित्रपट अडवला गेला. कॅमेरा आपल्या हातात आला म्हणजे आपली आरती ओवाळायची असे त्यांनी मानले नाही, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नगरच्या वाचकाला आणखी एक नाव जवळचे वाटावे. हैले गेरिमा हे इथिओपियातल्या गोंदरचे, म्हणजे मलिक अंबरच्या मायदेशातले. त्यांनी अमेरिकेत शिक्षण घेतले आणि वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अध्यापन केले. १९९३चा त्यांचा ‘सांकोफा’ गुलामगिरीवरचा आहे. त्याला वितरक मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतः चित्रपटगृहे भाड्याने घेऊन तो लोकांना दाखवला. पण ‘सांकोफा’तले गुलाम अटलांटिक ओलांडून पश्चिमेला गेले. पूर्वेला, अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे आलेल्यांची गोष्ट अजून तशी सांगितली गेलेली नाही.

पूर्वेला आलेला मुलगा

ती गोष्ट थोडक्यात अशी. १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला एक मुलगा लहानपणीच गुलामांच्या बाजारात पोचला. त्याचे मूळ नाव चापू असे नोंदले गेले आहे. तांबड्या समुद्राकाठचे मोखा, मग बगदाद असे त्याचे हात बदलत गेले. मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे तो दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेझखान स्वतः एकेकाळी विकला गेलेला हबशी होता.

दख्खनमधली ही गुलामी अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यांवरच्या गुलामीसारखी नव्हती. इथे गुलाम सैनिक म्हणून घडवला जाई. मालक गेल्यावर तो बहुधा मोकळा होई, लग्न करी, जहागीर मिळवी. हा फरक सांगायलाच हवा. पण त्या फरकाच्या आड आईपासून तोडलेले मूल लपवता येत नाही. मोखाच्या बाजारात उभ्या केलेल्या मुलाला आपण पुढे पेशवा होणार हे ठाऊक नव्हते. आणि त्याच्या बरोबरच्या बहुतेकांच्या वाट्याला ना पेशवाई आली, ना इतिहासात नाव.

१६०० मध्ये चांदबीबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मुघलांकडे गेला. निजामशाही संपली असे अकबराच्या दरबाराला वाटले असणार. पण अंबरने राजघराण्यातला एक वारस शोधून परांड्याला गादीवर बसवला आणि पुढची पंचवीस वर्षे हे राज्य जिवंत ठेवले. मराठा घोडेस्वारांना बरोबर घेऊन त्याने मुघलांची रसद तोडणारी, समोरासमोर न भिडणारी लढाई अंगवळणी पाडली. १६१० मध्ये खडकी वसवली आणि तिथे नहर-ए-अंबरी आणली. जमिनीचा मगदूर पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत महसुलाच्या इतिहासात आजही अभ्यासली जाते.

त्याच्या युद्धकौशल्याचा कळस नगर तालुक्यातल्या भातोडीला झाला. १६२४ मध्ये मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा त्याच्यावर चालून आल्या. त्याने तलावाचे पाणी सोडून त्यांच्या तळाचा चिखल केला, रसद कोंडली आणि मग हल्ला चढवला. शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढत होते. त्यांचे बंधू शरीफजी याच लढाईत कामी आले. शिवाजी महाराजांच्या काळात कवींद्र परमानंदांनी लिहिलेल्या ‘शिवभारता’त या लढाईचे वर्णन आहे आणि अंबरच्या पराक्रमाचा गौरवही. अंबर गेल्यावर जहांगीरच्या इतिहासकाराने, मुतमदखानाने, युद्धात आणि कारभारात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता अशी कबुली दिली. शब्दांत एवढा न्याय मिळाला. चित्रात भाल्यावरचे शिर राहिले.

अर्थात, दुसरी चित्रेही आहेत. मुघल चित्रकार हाशिमने काढलेले अंबरचे व्यक्तिचित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पांढऱ्या पोशाखातला, ताठ उभा, वयस्क आणि करारी माणूस. ते डोळ्यांपुढे आणले की अबुल हसनच्या चित्रातला खोटेपणा आणखी उघडा पडतो. त्यातही खेदाची गोष्ट अशी की दोन्ही चित्रे नगरमध्ये नाहीत, महाराष्ट्रातही नाहीत. जपतो कोण, या तिसऱ्या प्रश्नाचे हे उत्तर.

हबशाविना हबशी

आता हिंदी पडद्याकडे पाहू. १९८३ मध्ये कमाल अमरोही यांचा ‘रझिया सुलतान’ आला. रझियाने शाही घोडदळाच्या पागांचा अधिकारी म्हणून नेमलेला जमालुद्दीन याकूत हा हबशी त्यात नायक आहे. हिंदी सिनेमात हबशी नायक ही खरे तर मोठी गोष्ट. पण ही भूमिका धर्मेंद्र यांनी चेहरा काळा रंगवून केली. गुजरातेत, कर्नाटकात, हैदराबादेत, आपल्या कोकणात जंजिऱ्याच्या आसपास सिद्दी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत असताना पडद्यावरच्या हबशासाठी रंगाची डबी उघडावी लागली. ग्रिफिथच्या मनात द्वेष होता, अमरोहींच्या मनात नव्हता. तरी काळ्या माणसाच्या जागी काळा माणूस नको, हे दोघांच्या पडद्यावर सारखेच दिसते.

मराठी इतिहासपटांत हबशी येतो तो बहुतेक वेळा वेढा घालणारा शत्रू म्हणून. ‘पावनखिंड’ (२०२२) मध्ये सिद्दी जौहर आहे, आणि त्याने पन्हाळ्याला वेढा घातला हा इतिहासच आहे. पण त्याच १६६० साली तो वेढा फोडण्यासाठी महाराजांच्या बाजूने सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा सिद्दी वाहवाह लढले. मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला. एका वेढ्याच्या दोन्ही बाजूंना हबशी होते. पडद्याने आठवणीत ठेवला तो एकाच बाजूचा.

अलीकडे थोडा बदल दिसतो. बेहरोज श्रॉफ यांनी गुजरातच्या सिद्दींवर माहितीपट केले. झकारिया मोहम्मद यांचा मल्याळम चित्रपट ‘सुदानी फ्रॉम नायजेरिया’ (२०१८) मलप्पुरमच्या मुस्लिम वस्तीत फुटबॉल खेळायला आलेल्या नायजेरियन तरुणाची गोष्ट सांगतो. नायजेरियाच्या माणसाला सगळे गाव ‘सुदानी’ म्हणते. काळे ते सगळे एकच, ही आपली सवय नावातच पकडली आहे. त्यात सॅम्युएल रॉबिन्सन या नायजेरियन नटाने काम केले. प्रदर्शनानंतर मानधनावरून त्याने वर्णभेदाची तक्रार जाहीरपणे मांडली. ती पुढे समेटाने मिटली. पण पडद्यावरचा न्याय आणि पडद्यामागचा न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

अकोळनेरचा दगड

कॅमेरा कोणाच्या हातात, या प्रश्नाचे महाराष्ट्रातले सर्वांत ठसठशीत उत्तर मात्र नगरमधूनच आले. नागराज मंजुळे यांनी नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापनशास्त्राचे शिक्षण घेतले. ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग २०१३ मध्ये ‘फँड्री’ आला. त्यातले गाव नगरजवळचे अकोळनेर. डुकरे धरणाऱ्या कैकाडी कुटुंबातला जब्या शेवटी चिडून दगड भिरकावतो. तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने, म्हणजे खुर्चीत बसून त्याची फजिती पाहणाऱ्या आपल्यावर येतो.

अबुल हसनच्या चित्रात बाण सुटतो तो बादशहाकडून काळ्या माणसाच्या शिराकडे. ‘फँड्री’त दगड येतो तो ज्याचे चित्र काढले जात आहे त्याच्याकडून पाहणाऱ्याकडे. मधल्या चारशे वर्षांत कुंचला, म्हणजे कॅमेरा, हात बदलून गेला. म्हणूनच सूरज एंगडे यांच्यासारखे अभ्यासक दलित सिनेमावर स्वतंत्रपणे लिहितात. नांदेडचे एंगडे जोहान्सबर्गला शिकले आणि हार्वर्डमध्ये संशोधन करताना काळ्या आणि दलित अनुभवाचे नाते तपासत राहिले. हे नाते नवे नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच.

आपल्या आरशात

मराठी मुसलमानाला हे प्रश्न परके नाहीत. मांस दातांनी तोडणारा अलाउद्दीन ‘पद्मावत’मध्ये (२०१८) पाहताना त्याला बोगल यांच्या यादीतला धटिंगण ओळखू येतो. डोळ्यांत सुरमा घातलेला खलनायक, दोस्तासाठी जीव देणारा नेक पठाण, कव्वालीपुरता येणारा फकीर, हे आपले साचे. त्यांची तक्रार आपण करतो आणि ती रास्त आहे.

पण तक्रार करणाऱ्याने स्वतःलाही तपासावे. ‘हबशी’ हा शब्द आपल्या घरांतही रंगावरून हिणवण्यासाठी वापरला जातो. मुलगी पाहायला गेल्यावर रंगाची चर्चा आपल्याकडे होत नाही असे कोणी म्हणेल का? हजरत बिलाल हबशी होते आणि पहिली अजान त्यांनी दिली, हे आपण अभिमानाने सांगतो. मक्केत छळ झालेल्या पहिल्या मुसलमानांना हबशाच्याच राजाने, नज्जाशीने, आसरा दिला हेही सांगतो. मुस्तफा अक्काद यांच्या ‘द मेसेज’ (१९७६) या चित्रपटात बिलाल यांची भूमिका डाकारमध्ये जन्मलेल्या जॉनी सेक्का या कृष्णवर्णीय नटाने केली होती. पण बिलाल यांचा आदर आणि शेजारच्या काळ्या मुलाचा आदर यांत आपण अंतर ठेवले आहे.

मलिक अंबरच्या बाबतीतही तेच होते. कोणी त्याला फक्त मुस्लिम सेनानी म्हणून घेतो आणि त्याची गुलामी गाळतो. कोणी फक्त गनिमी काव्याचा आद्य पुरस्कर्ता म्हणून घेतो आणि त्याचा धर्म गाळतो. परदेशी अभ्यासक त्याला भारतातला आफ्रिकी राज्यकर्ता म्हणून घेतात आणि भातोडीतला मराठा घोडेस्वार कधी कधी त्यांच्या नजरेतून सुटतो. अंबर हे सगळे मिळून होता. त्याच्याबरोबर लढणाऱ्यांत हबशी होते, दख्खनी मुसलमान होते, मराठे होते. एकाच रंगात रंगवला तर तो पुन्हा रंगाच्या डबीतला हबशीच होईल.

मलिक अंबर नायक असलेला चित्रपट मराठी प्रेक्षकाच्या आठवणीत नाही. उद्या कोणी तो करायला घेतला, तर अंबरची भूमिका सिद्दी नटाला मिळायला हवी. कर्नाटकातले प्रशांत सिद्दी यांच्यासारखे कसलेले नट आहेत, त्यामुळे माणसे मिळत नाहीत ही सबब चालणार नाही. त्या चित्रपटात मोखाचा बाजारही असावा आणि भातोडीचा चिखलही. अंबरची चुकलेली गणिते, त्याने केलेले कठोर राजकारण, प्रतिस्पर्धी राजू दख्खनीचा काढलेला काटा, हेही असावे. सेम्बेन यांनी आपल्याच माणसांवर कॅमेरा रोखला तो याच प्रामाणिकपणातून.

आणि चित्रपट निघेपर्यंत वाट पाहायचे कारण नाही. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात ज्यांचे जाणे होते त्यांनी, इथल्या महाविद्यालयांत कॅमेरा शिकणाऱ्या मुलामुलींनी भातोडीपासून सुरुवात करावी. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तलावाबद्दल, लढाईबद्दल, शरीफजींबद्दल काय सांगायचे आहे ते मोबाईलवर का होईना, रेकॉर्ड करून ठेवावे आणि त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी जपाव्यात. मिशोचा चित्रपट सापडला तो स्पेनमध्ये कोणीतरी एक प्रत फेकली नव्हती म्हणून. अंबरचे पुढचे चित्र डब्लिनमध्ये शोधायला लागू नये, एवढे तर नगरकरांच्या हातात आहे.